राखीव सर्व्हर आणि गहाळ लॉग

स्टँडबाय सर्व्हर म्हणजे मुख्य डेटाबेसच्या मागोमाग चालणारी, दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत. एखाद्या बँकेचा मुख्य सर्व्हर लातूरला आणि स्टँडबाय नांदेडला आहे असे धरू. लातूरला झालेला प्रत्येक भरणा, प्रत्येक उचल आधी रिडो लॉगमध्ये उतरते. लॉग भरला की त्याची क्रमांकासह अर्काइव्ह फाइल होते, ती नांदेडला जाते आणि तिथे तेच बदल त्याच क्रमाने चढतात.

प्रत दूर ठेवण्याचे महत्त्व या भागाला सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरातील गावे भूकंपात जमीनदोस्त झाली. त्याआधी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपपट्ट्यात गणला जात असे.

नांदेडची लाइट गेली आणि यूपीएसही संपला, तर स्टँडबाय बंद पडतो. लातूरचे काम मात्र सुरूच राहते. वीज आल्यावर डिस्क तपासून डेटाबेस माउंट करायचा आणि रिकव्हरी सुरू करायची, एवढेच काम. कसोटी पुढे आहे. समजा, बंद पडण्यापूर्वी ४२१८ पर्यंतचे लॉग चढले होते आणि लातूर आता ४२६० वर आहे. स्टँडबाय ४२१९ मागतो. जागा मोकळी करणाऱ्या स्क्रिप्टने तो लातूरला आधीच पुसला असेल, तर ४२२० पासूनचे सगळे लॉग नांदेडला पोहोचूनही एकही चढत नाही. रोजकीर्दीचे एक पान फाटले की पुढच्या शिलकेला आधार उरत नाही, तसेच हे. सर्व्हर चालू दिसतो, प्रक्रियाही जिवंत असते, पण ती ४२१९ ची वाट पाहत थांबलेली असते. या अवस्थेत लातूर कोसळले, तर आडतीवर सोयाबीन घालून आलेल्या शेतकऱ्याच्या खात्यातली ४२१८ नंतर जमा झालेली रक्कम नांदेडच्या प्रतीत नसेल. म्हणून ‘सर्व्हर अप आहे’ या उत्तरावर समाधान मानणे घातक आहे.

४२१९ आधी लातूरच्या बॅकअपमध्ये शोधावा. सापडला तर नांदेडला आणून नोंदवावा; कॉपी अर्धवट झालेली नाही हे चेकसम जुळवून पाहावे. पुढचे लॉग मग आपोआप चढतात. कुठेच नसेल, तर स्टँडबाय जिथे थांबला त्या बिंदूपासूनचा इन्क्रिमेंटल बॅकअप लातूरला घेऊन नांदेडला लावावा आणि कंट्रोल फाइलही नवी आणावी. डेटाबेस लहान असेल, तर पूर्ण प्रत पुन्हा घेणे सोपे. घाईत स्टँडबायला मुख्य म्हणून उघडू नये; तसे केल्यावर दोघांच्या नोंदींची वाट वेगळी होते आणि लातूरचे लॉग त्याला लागू पडत नाहीत.

पुसण्याचा नियमही त्याच दिवशी बदलावा: स्टँडबायवर चढल्याशिवाय मुख्य सर्व्हरवरचा कोणताही लॉग पुसला जाऊ नये. शेवटी दोन्हीकडचे क्रमांक शेजारी ठेवून पाहावेत. लातूरचा शेवटचा पूर्ण झालेला लॉग ४२६० असेल, तर नांदेडला शेवटचा चढलेला लॉगही ४२६० हवा.