आमवात आणि ताटातला बांगडा

सांधे धरले की आपल्याकडे पहिली गदा येते ती माशांवर. ‘बांगडे वातूळ, तारली त्याहून वाईट, दोन्ही सोडा,’ असे शेजारीपाजारी सांगतात. मग देवगडसारख्या बंदराच्या गावात राहून घरातली एखादी बाई वर्षभर आमटी-भाजीवर काढते आणि बोटांची सूज मात्र आहे तिथेच राहते. दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, ‘डॉक्टर, बांगडो खाल्लो तर चलात ना?’ उत्तर देण्याआधी पाहावे लागते की वात कोणता.

बोलताना ‘वात’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या आजारांना लावतो. उतारवयात गुडघे झिजतात, तो एक. दुसरा गाऊट. यात रक्तातील युरिक ॲसिड वाढते, पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालभडक होतो आणि त्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. तिसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हा स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात, सकाळी तासभर आखडलेली राहतात, भाकरी थापणे कठीण होते. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटलेली असते.

गाऊटमध्ये तारली-बांगड्यावर बंधन घालावेच लागते, कारण त्यांतील प्युरिन या घटकापासून युरिक ॲसिड बनते. आमवातात हे कारणच नाही. एका आजाराचे पथ्य दुसऱ्याच्या गळ्यात पडले आहे, इतकेच. आमवातात या माशांचा उलट थोडा उपयोगच होतो.

तो कसा, ते पाहू. आपल्या पेशींच्या आवरणात स्निग्धाम्ले असतात. त्यांपैकी ओमेगा-6 गटातील ॲराकिडॉनिक आम्लापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही रसायने तयार करते. सूज आणि ठणका बराचसा यांचाच. ॲस्पिरीन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवले. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. माशांच्या तेलात ओमेगा-3 गटातील ईपीए आणि डीएचए ही आम्ले असतात. ईपीए त्याच कारखान्यात शिरून जागा अडवते आणि तिच्यापासून निघणारी रसायने बरीच सौम्य असतात. हा साठा माशात येतो तो मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म शेवाळातून. त्यामुळे महाग मासा म्हणजे अधिक गुणाचा, असे मुळीच नाही. नारळाच्या आळ्यात खत म्हणून गेलेली तारली या बाबतीत श्रीमंत आहे.

आमवाताच्या रुग्णांवर माशाच्या तेलाच्या चाचण्या 1980 च्या दशकापासून होत आल्या आहेत. रोज सुमारे 3 ग्रॅम ईपीए-डीएचए तीन महिने दिल्यावर सकाळचा आखडलेपणा व दुखणारे सांधे काहीसे कमी होतात आणि वेदनाशामक गोळ्या कमी लागतात, असे त्यांतील अनेकींत दिसले. महिन्याभरात गुण मागू नये.

आता आपल्या ताटाचा हिशेब करू. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा तारलीत हे आम्ल हंगामाप्रमाणे साधारण एक ते दोन ग्रॅम असते. आठवड्यातून तीनदा खाल्ले तर फार तर सहा ग्रॅम होते. चाचण्यांतले प्रमाण आठवड्याला 21 ग्रॅम पडते. म्हणजे मासे खाऊन औषधाइतका परिणाम मिळेल, ही आशा ठेवू नये. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे सांध्याचे हाड खाल्ले जाणे थांबवतात, ते काम बांगड्याकडून होत नाही. रोगाच्या पहिल्या काही महिन्यांतच ती सुरू झाली तर बोटे वाकडी होणे बरेचसे टळते. मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे.

मासा तिरफळ घालून केलेल्या कालवणात किंवा आंबट-तिखटात खावा. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला की ओमेगा-6 ची भर आपणच घालतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना सुक्या बांगड्यावर भिस्त असते. त्यातले मीठ रक्तदाबाला वाईट, आणि वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तदाब वाढतोच.

शाकाहारी मंडळींनी जवसाची चटणी करावी. जवस भाजून कुटूनच घ्यावेत, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. पण त्यातील ओमेगा-3 वेगळ्या जातीचे आहे. शरीर त्यातले थोडेच ईपीएमध्ये बदलते, त्यामुळे आमवातात त्याचा भरवसा कमी.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलविषयी एवढेच सांगतो. नेहमीच्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून तीनशेच असते, म्हणजे चाचणीतले प्रमाण गाठायला रोज दहा हव्यात. खर्च परवडला तरी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. कॉडलिव्हर ऑइल मात्र या हिशेबाने पिऊ नये, त्यातील अ जीवनसत्त्व अति झाले तर यकृताला अपाय होतो. गर्भवतींनी ते घेऊच नये.

गाऊटचे पथ्य पुढील आठवड्यात पाहू.