देखणा जिना हवाय? मग स्लॅब पडण्याआधी ठरवा

बेळगाव : शहराच्या चारही बाजूंना नवी घरं उठत आहेत. 30 बाय 40 ची साईट, खाली हॉल, किचन, आई-वडिलांची खोली, वर दोन बेडरूम आणि हॉलमध्ये आल्या आल्या नजरेत भरेल असा जिना, हा बहुतेकांचा नकाशा. जिन्याचा फोटो मोबाइलमध्ये आधीच तयार असतो. मात्र तो मिस्त्रींना दाखवला जातो कॉलम उभे राहिल्यावर, कधी कधी तर वरचा स्लॅब पडल्यावर. तेव्हा जागा जेवढी उरलीय तेवढ्यात जिना बसवायचा, एवढंच काम हाती राहतं.

जिना म्हणजे आधी गणित. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच उंची धरली आणि एका पायरीची उंची 7 इंच ठेवली, तर 18 चढ होतात. वरचा शेवटचा चढ थेट मजल्यावर नेतो, म्हणून पाय ठेवायला 17 पायऱ्या. प्रत्येकी 10 इंच धरल्या तर सरळ जिन्याला 170 इंच, म्हणजे 14 फुटांहून थोडी जास्त लांबी लागते. तोच जिना मध्ये चौथरा घेऊन उलटा फिरवला, तर साधारण साडेसहा बाय दहा फुटांत बसतो. तीस फुटी साईटवर एवढी जागा द्यायची म्हटलं की जीव खालीवर होतो. मग पायरी 9 इंच उंच आणि 9 इंच रुंद करायची, जवळपास साडेचार फूट वाचवायचे, अशी तोड निघते. नकाशात ते छान दिसतं. रोज तो जिना उतरणाऱ्याला मात्र पाऊल तिरकं टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईला वरच्या देवघरात जायचं असेल, तर ती वर्षभरात जायची बंद होते.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि रुंदी किमान 250 मिलिमीटर, म्हणजे दहा इंच सांगितली आहे. त्याहून जुना एक ठोकताळा सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविशारदाचा. पायरीची उंची दुप्पट करा, त्यात रुंदी मिळवा. बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे आजच्या हिशेबात 24-25 इंचांच्या आसपास यायला हवी. 7 आणि 10 ची बेरीज 24 येते, 9 आणि 9 ची 27. चढताना धाप का लागते, ते इथंच कळतं.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांना पायऱ्या विषम हव्या असतात. त्यात अडचण काहीच नाही. त्याच 126 इंचांचे 17 भाग केले तर प्रत्येक चढ साधारण 7.4 इंचांचा होतो, 19 केले तर 6.6 चा. दोन्ही चालतात. अडचण होते ती जिना ओतून झाल्यावर कुणीतरी मोजतो आणि खाली एक अर्धी पायरी चिकटवली जाते तेव्हा. पायाला सवय झालेली उंची अचानक बदलली की माणूस अडखळतो.

हीच चूक वास्तूचा काही संबंध नसतानाही बहुतेक घरांत होते, आणि तिचं कारण फरशी. सेंट्रिंगवाले कच्च्या काँक्रीटवर सगळे चढ 7 इंचांचे ओततात. नंतर खाली आणि वर मजल्यावर माल आणि टाइल्स मिळून 2 इंच चढतात, पायऱ्यांवर ग्रॅनाइट मात्र इंचभरच. मग पहिला चढ 6 इंचांचा होतो आणि शेवटचा 8 चा. घर झाल्यावर हे दुरुस्त होत नाही. म्हणून फरशी कुठली, किती जाडीची, हे जिन्याची सेंट्रिंग ठोकण्याआधी सांगायला हवं.

आता तो फोटोतला तरंगता जिना. भिंतीतून नुसत्या फळ्या बाहेर आल्यासारख्या दिसतात, खाली आधार नाही. हे होतं, पण साडेचार इंची विटांच्या भिंतीत नाही. मागे आरसीसीची भिंत किंवा तिरका बीम लागतो, पायऱ्यांच्या सळ्या त्यात आधीच गुंतवाव्या लागतात, आणि त्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करायचा. दुसरी वाट म्हणजे मधोमध एकच लोखंडी बीम आणि त्यावर पायऱ्या. उद्यमबागसारखी वसाहत असलेल्या गावात फॅब्रिकेशनला तोटा नाही. फक्त ग्रॅनाइटखाली लोखंडी पत्रा किंवा फ्रेम हवी, कारण नुसता दगड तडकला तर आधी सांगून तडकत नाही. ग्रॅनाइट चकचकीत असेल तर कडेला खाचा मारून घ्या. पावसाळ्यात ओल्या पायांनी चढणारी पोरं घरोघरी आहेत.

गोल लोखंडी जिना जागा वाचवतो हे खरंच. पण त्यावरून कपाट जात नाही, आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणायची वेळ आली तर चौघांना धरताही येत नाही. गच्चीसाठी ठीक, घरासाठी नको.

कठड्यात आडव्या सळ्यांची सध्या फॅशन आहे. लहान मुलांना ती शिडी वाटते. उभ्या सळ्या घ्याव्यात आणि दोन सळ्यांत चार इंचांपेक्षा कमी फट ठेवावी, म्हणजे मुलाचं डोकं अडकत नाही. काच हवी असेल तर लॅमिनेटेड. ती फुटली तरी तुकडे आतल्या थराला धरून राहतात.

हॉलमधला जिना निवडताना आणखी एक गोष्ट घरात बोलून घ्यावी. वरचा मजला उद्या भाड्याने द्यायचा आहे का? दोन भावांची चूल वेगळी होणार आहे का? जिना हॉलमधून गेला की वर जाणारा प्रत्येकजण खालच्यांच्या टीव्हीसमोरून जाणार. शिवाय फोडणीचा ठसका आणि उन्हाळ्यातली गरम हवाही त्याच वाटेनं वर जाते. इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या उन्हाळ्यात वरच्या खोल्यांना ते जास्तच जाणवतं. जिना हॉलच्या कडेला, मुख्य दारालगत घेतला आणि मध्ये पुढे दार बसवायला जागा सोडली, तर आज तो हॉलचाच भाग दिसतो आणि गरज पडल्यावर वेगळा करता येतो. जुन्या वाड्यांतले भिंतीत दडवलेले अंधारे, उभे जिने कुणाला नको असतात, पण त्यांनी वरचा आणि खालचा मजला वेगळा ठेवला होता.

अंधाराचा उपाय सोपा आहे. जिन्याच्या डोक्यावर काच टाकण्यापेक्षा बाजूच्या भिंतीत उभी खिडकी घ्या. बेळगाव-खानापूरच्या पावसात आडवी काच कडेनं गळायला लागली की दरवर्षी माणूस वर चढवावा लागतो. आणि वीजवाल्याला टू-वे स्विच आधीच सांगा, एक खाली, एक वर. स्लॅबमध्ये पाइप टाकून झाल्यावर तो पुन्हा भिंत फोडायला तयार होत नाही.