नरनाळ्याचा महाल

अकोला जिल्ह्यातील अकोट गावातून उत्तरेकडे पाहिले, की सातपुड्याचे डोंगर दिसतात. अकोटपासून सुमारे २० किलोमीटरवर शहानूर नावाचे गाव आहे. त्या गावाच्या वर, घनदाट जंगलात, नरनाळा किल्ला आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९७० मीटर आहे. मधला मुख्य नरनाळा, पूर्वेचा जाफराबाद आणि पश्चिमेचा तेलियागड असे तीन किल्ले येथे एकमेकांना जोडलेले आहेत.

आज येथे माणसांची वस्ती नाही. एके काळी मात्र वऱ्हाडच्या मोठ्या भागाचा कारभार येथून चालत असे.

मुलांनो, ‘सरकार’ हा शब्द तुम्ही उर्दूत वापरता आणि मराठीतही वापरता. अकबराच्या काळात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. तेव्हा राज्याचे मोठे भाग पाडलेले असत. त्यांना सुभा म्हणत. सुभ्याचे भाग म्हणजे सरकार आणि सरकारचे भाग म्हणजे परगणे. आज आपण राज्य, जिल्हा आणि तालुका म्हणतो, तशीच ही रचना होती. १५९६ मध्ये चांदबिबीने केलेल्या तहानुसार वऱ्हाड मोगलांकडे गेले. १५९८ मध्ये मोगलांनी नरनाळा जिंकला. वऱ्हाड सुभ्यात ‘नरनाळा सरकार’ होते आणि त्याचे मुख्य ठाणे हा किल्ला होता. अनेक परगण्यांचा वसूल आणि हिशेब या ठाण्याच्या देखरेखीखाली असे.

कारभारासाठी डोंगरावरची जागा का निवडली असेल? पहिले कारण संरक्षणाचे. उभ्या कड्यांमुळे शत्रूला वर चढणे कठीण होते. दुसरे कारण पाण्याचे. किल्ल्यावर वीसहून अधिक तलाव आहेत. पावसाचे पाणी वाहून जाऊ नये, म्हणून ते उतारावरून तलावांत आणण्याची सोय केलेली आहे. शक्कर तलाव त्यांपैकीच एक. पाणी असेल तरच सैन्य राहील आणि सैन्य असेल तरच खजिना सुरक्षित राहील, हे त्या लोकांना चांगले माहीत होते.

गडावर जाताना एकामागून एक दरवाजे लागतात. शहानूर दरवाजावर वाघासारख्या प्राण्यांची शिल्पे आहेत. पुढे मेहंदी दरवाजा लागतो आणि त्यानंतर महाकाली दरवाजा. महाकाली दरवाजा पाहून पाहणारा जागीच थांबतो. तो फिकट रंगाच्या वालुकाश्मात बांधलेला आहे. त्यावर कमळाची फुले कोरली आहेत. दोन्ही बाजूंना सज्जे आहेत आणि त्यांना नाजूक दगडी जाळ्या आहेत. हा दरवाजा १४८७ च्या सुमारास, बहामनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशहाच्या काळात, फतहुल्ला इमादुल्मुल्क याने बांधला. पुढे १४९० मध्ये हाच फतहुल्ला वऱ्हाडचा स्वतंत्र राजा झाला. त्याच्या घराण्याला इमादशाही म्हणतात.

दरवाजावर शिलालेख आहे. त्याची लिपी पाहून अनेक प्रवासी नुसतेच पुढे जातात. तुम्ही मात्र त्यातली कितीतरी अक्षरे ओळखाल! अलिफ, लाम, मीम ही तुमच्या पुस्तकातलीच अक्षरे तेथे पाचशे वर्षांपासून उभी आहेत. जवळ कोणी मराठी शाळेतला मित्र असेल, तर त्याला ती वाचून दाखवा. किल्ल्याची माहिती देणारा मराठी फलक तो तुम्हांला वाचून दाखवील.

वर गेल्यावर राणी महाल लागतो. कमानी अजून उभ्या आहेत. शेजारी मशीद आहे. आसपास इतर इमारतींचे अवशेष विखुरलेले आहेत. जवळपासच नऊगजी नावाची लांबलचक तोफ पडून आहे.

या किल्ल्याने वैभव पाहिले, तसे दुःखही पाहिले. बुऱ्हाण इमादशहा लहानपणीच गादीवर बसला. त्याचा कारभारी तुफालखान याने सत्ता बळकावली आणि आपल्याच राजाला नरनाळ्यात कैदेत ठेवले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने किल्ला घेतला. तेव्हा राजाचे आणि कारभाऱ्याचे, दोघांचेही राज्य संपले. पुढे मोगल आले, नागपूरकर भोसले आले, निजाम आला. शेवटी इंग्रजांच्या काळात कचेऱ्या अकोला-अमरावतीला गेल्या आणि नरनाळ्यावर झाडी वाढली.

१९९७ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणून वनविभागाची परवानगी घेऊनच गडावर जावे. काही लोक जुन्या भिंतींवर स्वतःची नावे कोरतात. त्यांच्या त्या ओरखड्यांनी जुनी अक्षरे पुसली जातात. एकदा पुसलेले अक्षर पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. ज्यांना ती लिपी येते, त्यांनी तर ती अधिक जपली पाहिजे.

शब्दार्थ
ठाणे – कारभाराचे ठिकाण
वसूल – गोळा केलेला सारा
सज्जा – भिंतीबाहेर आलेली छोटी गॅलरी
अवशेष – उरलेला भाग
बळकावणे – जबरदस्तीने घेणे

स्वाध्याय
१. कारभारासाठी डोंगरावरची जागा निवडण्याची दोन कारणे लिहा.
२. सुभा, सरकार, परगणा यांची आजच्या रचनेशी तुलना करा.
३. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात.