कॅलेंडरवरचं वचन आणि त्यामागचं पत्र

आम्हा ख्रिस्ती घरांत नववर्षाच्या कार्डावर, कॅलेंडरवर, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर एक वचन हमखास असतं: यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमचं भलंच आहे, अशा अर्थाचं. रात्रपाळीच्या नर्सेसना मी ते कितीदा पाठवलं असेल! पण खरा धीर हवा असेल तर हा अध्याय पहिल्यापासून वाचा, असा माझा आग्रह असतो.

ते एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं. लवकरच सुटाल, असं सांगणारे तिथे बरेच होते. यिर्मया सांगतो, ७० वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

मनाविरुद्ध बदली झालेली एक मुलगी रडत आली, तेव्हा मी तिला हेच वाचायला दिलं. महिन्याभराने बघते तर खोलीला पडदे, खिडकीत कढीपत्त्याचं रोप!

कॅलेंडरवरच्या वचनासारखंच, जर्मनीतल्या हेर्नहुट गावी १७२८ पासून रोजचं वचन देण्याची प्रथा आहे. १७३१ पासून त्याचं पुस्तक निघतं. जुन्या करारातली वचनं चिठ्ठ्या काढून ठरतात. चिठ्ठी काढायला माझी ना नाही, फक्त आधीचं-नंतरचं पानही वाचावं. फिलिप्पैकरांना पत्रातून आनंदी राहा म्हणणारा पौल स्वतः कैदेत होता. आजाऱ्याच्या उशाशी मी ते पत्र अख्खं वाचते. चारच अध्याय आहेत.