गुप्तरोगभीती

गुप्तरोगभीती : लैंगिक संबंधातून संसर्ग होणारा एखादा रोग आपणास जडला आहे, अशी तपासणीत तो न आढळल्यानंतरही टिकून राहणारी धास्ती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात (२०२२ पासून लागू) अशा रोगचिंतेचा समावेश मंत्रचळाशी संबंधित विकृतींत केला आहे.

पूर्वी ही भीती मुख्यतः उपदंशाची (गरमीची) असे. त्यासाठीची वॉसरमान रक्तपरीक्षा १९०६ मध्ये व पेनिसिलिनाचा उपचार १९४०–५० च्या दशकात उपलब्ध झाला. तथापि भीती ओसरली नाही. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीची बाधा प्रथम आढळल्यानंतर तिचा रोख एड्सकडे वळला.

बहुधा एखाद्या संबंधाविषयीची अपराधी भावना हिच्या मुळाशी असते. संसर्गाचा धोका प्रत्यक्षात नगण्य असला, तरी रुग्ण शरीर न्याहाळू लागतो. जिभेवरील पांढुरका थर, जांघेतील एरव्हीही हातास लागणाऱ्या लसीका ग्रंथी, त्वचेवरील तैलग्रंथींचे निरुपद्रवी दाणे यांत त्यास रोग दिसतो. ग्रंथी वारंवार चाचपल्याने दुखू लागतात. चिंतेमुळे जुलाब, घाम व वारंवार लघवी होते आणि तेच पुरावे ठरतात. चाचणीचा निर्वाळा मिळताच हायसे वाटते, परंतु काही दिवसांतच ‘नमुना बदलला असेल’ अशी शंका डोके वर काढते.

या शंकेला अर्धवट माहितीचा आधार मिळतो. संसर्गानंतर काही काळ चाचणीत तो दिसत नाही, हे खरे. परंतु या ‘विंडो पिरियड’ला मर्यादा आहे. एचआयव्हीसाठी प्रतिपिंडांच्या शीघ्र चाचणीत तो सुमारे ३ महिने, तर प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या चाचणीत सुमारे ४५ दिवस धरतात. बाधा निश्चित करण्यास भारतात तीन वेगवेगळ्या चाचण्या लागतात, पण ती नाही असे सांगण्यास एकच पुरते. कारण बाधा सहसा निसटू नये अशीच पहिली चाचणी निवडलेली असते. रुग्णास मात्र यात हयगय दिसते.

उपचारातील अडचण नागपुरात विशेष स्पष्ट होते. ‘मेडिकल’ म्हणून परिचित असलेल्या तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९४७) रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाण्यास रुग्ण सहसा राजी नसतो. १८६४ पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयानजीकच्या चौकास लोक अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात, एवढ्यावरून या संकोचाची कल्पना यावी. गुप्तरोगाची लाज व वेडाचा शिक्का यांच्या कचाट्यात सापडलेला माणूस मग भिंतीवरील जाहिरातींतल्या वैदूंकडे वळतो आणि नसलेल्या रोगावर प्रतिजैविके घेतो.

प्रथम योग्य वेळी, योग्य ती तपासणी करणे आवश्यकच असते. रुग्णाचे म्हणणे हसण्यावारी नेणे ही चूकच होय. त्यानंतर मात्र पुन्हा चाचणी करण्याने व्याधीच पोसली जाते. बोधनात्मक वर्तनोपचारात शरीर चाचपणे व खात्री मागणे क्रमाने कमी करावयास शिकवितात. तीव्र चिंता किंवा अवसाद असल्यास औषधांची जोड देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात.