पहिल्या मताचं वजन

एखाद्या प्रतिसादाला आधीच एक अनुकूल मत पडलेलं दिसलं, तर पुढचे वाचकही तिकडेच झुकतात का? लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी हे चक्क मोजलं. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावरचे लाखभर प्रतिसाद घेऊन, त्यातल्या काहींना त्यांनी मजकूर न बघता एकेक अनुकूल किंवा प्रतिकूल मत देऊन टाकलं. निष्कर्ष २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आले. अनुकूल मत फुकटात मिळालेल्या प्रतिसादाला पहिल्याच वाचकाकडून आणखी एक मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि त्याचे अंतिम गुण सरासरी २५ टक्के फुगले होते. राजकारणावरच्या चर्चेत तर हा लोंढा चांगलाच जोरात.

प्रतिकूल मताचं तसं झालं नाही. वाचकांनी उलट मत देऊन ते भरून काढलं. कळप कौतुकात भोळा, निंदेत सावध!

अशा चर्चांमधल्या तुच्छतेची तऱ्हा मात्र वेगळी, ती कळपाकडून नव्हे तर बहुधा जाणकारांकडून येते. प्रोग्रामरांच्या शंका सोडवणाऱ्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’नं २०१८ मध्ये जाहीर कबुली दिली, की नवख्यांना आणि स्त्रियांना विशेषकरून ही जागा शिष्ट, अंगावर येणारी वाटते. त्याच वर्षी तिथे नवी आचारसंहिता आली, आणि नवख्याच्या प्रश्नाशेजारी तो नवा असल्याची खूण दिसू लागली.