चाकांवरची खोली

2021 सालच्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ शेतात जागलीला होता. पहाटे उठून तो गोधडीची घडी घालू लागला, तर तिच्यातून हातभर लांबीची, काळीनिळी, अंगावर पांढरे पट्टे असलेली मण्यार खाली पडली. रात्रभर दोघं एकाच पांघरुणात झोपले होते, असं तो पुढे हसत हसत सांगायचा. त्या सकाळी मात्र तो हसत नव्हता. घरी येऊन ओसरीवर बसला आणि मायनं दिलेला चहा त्याच्या हातातच निवला.

ढाणकीचं नाव यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनी क्वचितच ऐकलं असेल. उमरखेड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. इथून बिटरगावच्या बाजूला निघालं की ‘बंदी भाग’ सुरू होतो. पैनगंगेच्या अंगानं पसरलेलं सागाचं जंगल, अभयारण्य, आणि जंगलाला लागून शेतं. जंगलातून रानडुकरं आणि रोही पिकात उतरतात. डुकरांचा एक कळप रात्रीतून एकरभर पिकाची दैना करतो, म्हणून पीक हाताशी आलं की घरातल्या एकानं रात्री शेतात झोपायचं. हीच जागल. शहरातल्या माणसाला चांदण्यात झोपायची कल्पना मोठी रम्य वाटते. आमच्याकडे ती नोकरी आहे, आणि तिला पगार नाही.

मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच बहुधा चावते. चावा दुखत नाही, सुजतही नाही. अनेकांना आपल्याला काही चावलं हेच कळत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. हा आकडा मी शाळेत मुलांना सांगत असे. मी विज्ञानाचा शिक्षक. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची लाज वाटण्याचा प्रसंग येणार आहे.

तर प्रश्न होता भावानं झोपायचं कुठं. बाजेवर झोपावं तर पाऊस. माळा बांधावा तर आमच्या शेताचे तुकडे दोन, एकमेकांपासून लांब. त्या दिवसांत दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांचं आंदोलन चालू होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये पंजाब-हरियाणाचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन निघाले, सिंघू आणि टिकरीला अडवले गेले आणि मग वर्षभर तिथंच राहिले. राहिले कशात, तर ट्रॉलीत. खाली भाताचा पेंढा, वर गाद्या, त्यावर ताडपत्री, आत दिवा. त्यांनी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचं एक पत्रकही काढलं होतं. टीव्हीवर ती रांग बघता बघता भाऊ एकदम म्हणाला, “दादा, आपली जुनी ट्रॉली मागं पडूनच आहे ना?”

होती खरी. वडिलांच्या काळातली, दोन चाकांची, नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. मोठी ट्रॉली घेतल्यापासून ती घरामागे बाभळीखाली गंजत होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

चाकांवर घर करणं ही काही आमची हुशारी नव्हे. लहानपणी गावाबाहेर घिसाड्यांच्या गाड्या उतरायच्या. गाडीशेजारी भाता, ऐरण, आणि गाडीखाली पाळण्यात पोर. विळे-पास शेवटून झाले की गाडी पुढच्या गावाला. ऊस तोडायला जाणारी आमच्या भागातल्या तांड्यांवरची माणसंही भांडीकुंडी, शेळी, म्हातारी, पोरं सगळं ट्रॉलीत घालून निघतात आणि फडाजवळ कोपी घालून सहा महिने काढतात. पोटासाठी फिरणाऱ्यांचं घर नेहमीच असं असतं. हौसेसाठी असं घर बांधणारा पहिला माणूस म्हणून स्कॉटलंडच्या डॉ. गॉर्डन स्टेबल्सचं नाव सांगतात. त्यानं 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी करवून घेतली आणि त्याच वर्षी तिच्यातून तेराशे मैल हिंडला. आता महाराष्ट्र सरकारचंही कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, तेही 2021 सालचंच. भावाला मी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, “त्यात डुकरं हाकलायचं काही लिहिलं आहे का?”

दिवाळीनंतर काम सुरू झालं. वेल्डिंगवाल्यानं चौकोनी पाइपांचा सांगाडा उभा केला, वर पन्हाळी पत्रा, मागे थोडा उतार. मागचा फाळका आम्ही काढला नाही. तो खाली सोडला की ओटा होतो. त्यावर बसून जेवता येतं, स्टोव्ह ठेवता येतो. फाळक्याच्या आत दार. आत एका बाजूला अडीच फूट रुंदीचा बाक, त्याखाली सामानाची पेटी, समोर उचलून भिंतीला लावता येईल अशी दुसरी फळी. छपरावर लहानसं सोलर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, एक दिवा आणि डुकरांवर मारायला एक झोत. पाण्याचा कॅन दांडीजवळ.

कॅन दांडीजवळ का, त्याला कारण आहे. दोन चाकांची ट्रॉली म्हणजे तराजू. अ‍ॅक्सलच्या मागे वजन जास्त झालं तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवायला लागते. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हुकावर यायला हवा. वेल्डिंगवाल्याला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यानं सामान मागे ठेवूच दिलं नाही. “गुरुजी, जड ते म्होरं,” एवढंच त्याचं शास्त्र.

मी मात्र चाललेल्या ट्रॉलीचा विचार केला, उभ्या ट्रॉलीचा केला नाही. पहिल्या रात्री ट्रॅक्टर सोडून आम्ही दांडीखाली लाकडी घोडी लावली आणि दोघंही हवा खायला फाळक्यावर जाऊन बसलो. बसल्याबरोबर दांडी आकाशात आणि आम्ही ढेकळात. आतला कॅन, पातेली, कांदे सगळं आमच्या मागोमाग आलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दोन कोपऱ्यांना खालीवर होणारे पाय बसवले. असं कोणी करणार असेल तर हे पाय आधी बसवावेत, छप्पर नंतर.

पत्र्याखाली थर्माकोल आणि त्याखाली प्लायवूड लावलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उघड्या पत्र्याखाली माणूस भाजून निघेल. छपराला वरून चुन्याचे दोन हात दिले, त्यानं आणखी फरक पडला. सांधे मात्र आम्ही फार मन लावून बुजवले. जिथं फट दिसेल तिथं सिलिकॉनची नळी. विंचू नको, साप नको, पावसाचं पाणी नको, डासही नको. दाराला गाडीच्या दारासारखी रबरी पट्टी लावली. दोन खिडक्या ठेवल्या, काचेच्या, घट्ट बसणाऱ्या. काम संपलं तेव्हा वेल्डिंगवाला आत बसला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, “मुंगी शिरणार नाही.”

थंडी वाढली तसं सकाळी छताला पाण्याचे थेंब दिसू लागले. आम्हाला वाटलं पत्रा गळतो. पाऊस नाही, दव आत यायला फट नाही, मग पाणी कुठलं? ते आमच्या श्वासाचं होतं. रात्रभर दोन माणसांच्या श्वासातून पेला-दोन पेले पाणी सहज बाहेर पडतं आणि थंड जागी जाऊन बसतं. खोली आम्हाला काहीतरी सांगत होती. मी फडक्यानं छत पुसलं.

जानेवारी 2022. हरभरा घाट्यावर आला होता. शनिवारची रात्र होती, दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती, म्हणून मीही शेतात गेलो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. भावानं बाहेर धावड्याची लाकडं पेटवली. जाळ बसला, धूर सरला, लालभडक इंगळ राहिले. ते त्यानं घमेल्यात भरले आणि घमेलं आत आणून मधोमध ठेवलं. दार लावलं, खिडक्या लावल्या. धूर गेला म्हणजे धोका गेला, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आमचे वडील आणि आजोबा खोपीत असंच घमेलं घेऊन झोपले आणि सकाळी उठले. दहा मिनिटांत खोली उबदार झाली. मायनं दिलेल्या भाकरी आम्ही इंगळावर गरम करून खाल्ल्या. इतकं सुख त्या ट्रॉलीत पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

मध्यरात्रीनंतर कधीतरी कुत्र्यानं आकांत मांडला. डुकरं आली होती. मला ते भुंकणं ऐकू येत होतं, पण फार लांबून, जणू दुसऱ्याच्या शेतातून. डोकं कोणी आवळून धरल्यासारखं दुखत होतं. भाऊ उठला, दाराची कडी काढली आणि फाळक्यावर तसाच कोसळला. दार उघडं राहिलं. मी उठायला गेलो तर पाय माझे नव्हते. रांगत बाहेर आलो. भाऊ ओकत होता. आम्ही दोघं जमिनीवर, त्याच मण्यारीच्या जमिनीवर, किती वेळ पडून होतो सांगता येत नाही. डुकरांनी त्या रात्री दोन गुंठे हरभरा उकरला. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. हवा अपुरी मिळाली की निखाऱ्यातून तो निघतो, आणि धूर सरल्यावरही निघत राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं त्याच्या दोनशेपटीहून अधिक ओढीनं या वायूला धरतं. त्यामुळे छाती व्यवस्थित वरखाली होत असते आणि शरीर आतून गुदमरत असतं. झोप येते, ती गोड वाटते. हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. रेणूचं चित्र काढून. त्या घमेल्यासमोर मी मांडी घालून बसलो होतो आणि मला त्यातली एक ओळ आठवली नाही.

मग वडील-आजोबा कसे वाचले? त्यांची खोप पऱ्हाटीच्या कुडाची होती. तिला शंभर फटी होत्या. गारठा आत येई, पाऊस आत येई, साप आणि विंचू येत, आणि त्याच वाटेनं हा वायू निमूट बाहेर जाई. घमेलं तेच राहिलं, खोली बदलली. फटी बुजवताना आम्ही फक्त काय आत येतं याचा हिशेब केला होता.

वेल्डिंगवाला आला तेव्हा त्याला विश्वास बसेना. इतक्या निगुतीनं बंद केलेल्या खोलीला आता भोकं पाडायची? पाडली. एका भिंतीत खाली, बाकाच्या पातळीला, वीतभर रुंद जाळी. समोरच्या भिंतीत वर, छताखाली, तशीच दुसरी. गरम हवा वर चढून बाहेर पडते आणि खालून थंड हवा तिची जागा घेते. बारीक जाळीमुळे साप-विंचू येत नाहीत, गारठा मात्र येतो. तो सोसायचा. विस्तव आत न्यायचा नाही, दार उघडं असलं तरी नाही, आणि स्टोव्ह फाळक्यावरच. छताचे थेंबही त्यानंतर कमी झाले.

ही खोली गावात बरीच गाजली. बाजाराच्या दिवशी लोक बघायला येत. मायच्या मनात मात्र वेगळंच होतं. तिचे गुडघे गेलेले. एकदा म्हणाली, “एवढी खोली केली तुमी, मंग मले माहूरले याच्यातूनच न्या ना. निजून जाईन, रेणुकामायचं दर्शन घेईन, निजून येईन.”

भाऊ अर्धा तयार होता. मी नाही म्हणालो. ट्रॉलीतून माणसं नेणं कायद्यात बसत नाही, हे एक. आमच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. जे काय थांबायचं ते ट्रॅक्टरच्या जोरावर, आणि माहूरला घाट आहे. शिवाय आत माणूस पडला, ओरडला, तर पुढच्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू येणार नाही. मायला हे काही पटलं नाही. “सारे जातात,” ती म्हणायची. तेही खरंच होतं. लग्नाला, जत्रेला, निंदणाला, सारेच ट्रॉलीत बसून जातात. दोन-तीन वर्षं हा वाद नवरात्र आलं की निघायचा.

4 एप्रिल 2025 ला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात, मजूर बायांना घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. सकाळी कामाला निघाल्या होत्या. भावानं ती बातमी वाचली, पेपर घडी घालून मायजवळ ठेवला आणि काही बोलला नाही. त्या वर्षी माहूरला आम्ही एसटीनं गेलो.

नंतर हिवाळ्यात मायनं दुसरा हट्ट धरला. “चालती नाही तं नाही. उभी असतानी तरी झोपू द्या मले.” याला नाही म्हणता येईना. तिला बैलगाडीनं शेतात नेलं. फाळक्यावर बसून तिनं स्टोव्हवर पिठलं केलं, झोत इकडेतिकडे फिरवून पाहिला, बाकाची गादी दोनदा झटकली. मी फळीवर झोपलो, भाऊ बाहेर माच्यावर.

रात्री जाग आली तर माय अंधारात उठून खालच्या जाळीत लुगड्याच्या चिंध्या कोंबत होती. “काहून भोकं ठेवली बाप्पा, वारा लागते.” मी चिंध्या काढल्या आणि तिच्या अंगावर माझं कांबळं घातलं. तासाभरानं पाहतो तर चिंध्या परत जाळीत. ती गाढ झोपलेली, निदान तसं दाखवत होती. मी दार उघडून भावाला हाक मारली. त्यानं येऊन चिंध्या काढल्या आणि धुऱ्यापलीकडे भिरकावून दिल्या.